घाम एकाचा, अनुदान सातबाऱ्याला

वाचकहो, सरकार शेतकऱ्याला किती पैसे देते याचे आकडे आपण रोज वाचतो. सन्मान निधीचा हप्ता जमा झाला, धानाचा बोनस जाहीर झाला, अतिवृष्टीची मदत मंजूर झाली. आकडे कोटींचे असतात. शहरातल्या माणसाला वाटते, या कास्तकारांची तर चंगळच आहे बुवा! गावातला माणूस मात्र वेगळाच प्रश्न विचारतो. तो म्हणतो, पैसे आले हे खरे, पण ते आले कोणाच्या खात्यात?

उत्तर एका वाक्यात द्यायचे तर पैसे सातबाऱ्याच्या मागे गेले. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, तो सरकार दरबारी शेतकरी. वावरात ज्याने वखर फिरवला, ज्याने डवरणी केली, रात्रीच्या लाईनवर ज्याने पाणी ओलले, त्याचे नाव त्या कागदावर नसेल तर तो कोणीच नाही. आपल्या नागपूर जिल्ह्यात ठेक्याने, बटईने, मक्त्याने शेती करणारे किती आहेत, हे तुम्हीच आपल्या गावात मोजून पाहा. पारावर बसून बोटे मोजली तरी दोन्ही हातांची बोटे पुरायची नाहीत.

या लोकांबद्दल आज दोन शब्द लिहायचे आहेत.

ठेका तोंडी, घाटा रोख

शहरातल्या वाचकांसाठी थोडे खुलासेवार सांगतो. ठेका म्हणजे एकरी ठरलेली रक्कम मालकाला द्यायची आणि एका सालासाठी वावर करायचे. पिकले तर तुमचे, बुडाले तरी तुमचेच. बटई म्हणजे पिकात वाटा, बहुतेक निम्मा-निम्मा. पाडव्याच्या सुमारास हे सौदे ठरतात. कागद होत नाही, स्टँप लागत नाही. दोन माणसे चहा पितात, एक शब्द देतो, दुसरा पैसे देतो, झाला व्यवहार.

वावर देणारा कोणी सावकार-जमीनदार असतो असेही नाही. निवृत्त मास्तर असतो, विधवा बाई असते, मुलगा पुण्याला नोकरीवर गेलेला म्हातारा बाप असतो. नागपूर शहराच्या आसपास, हिंगणा, कामठी, नागपूर ग्रामीण या तालुक्यांत आणखी एक जात वाढली आहे. शहरात राहणारा, कुठेतरी वडिलोपार्जित सातबारा असलेला, आणि पुढेमागे लेआऊट पडेल या आशेने वावर घेऊन ठेवणारा. त्याला शेती करायची नसते, पण जमीन पडीतही ठेवायची नसते. तो ते वावर गावातल्याच एखाद्याला ठेक्याने देतो. यात कायद्याने किंवा नीतीने काही पाप आहे असे मी म्हणत नाही. अडचण पुढे आहे.

एक हिशेब मांडून पाहू

समजा एका कास्तकाराची स्वतःची दोन एकर जमीन आहे आणि त्याने आणखी आठ एकर ठेक्याने घेतली आहे. दहाही एकरांत कापूस आणि सोयाबीन पेरले. आता सरकारी पैसा कसा येतो ते बघा.

पहिली योजना पीएम किसान. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी ती सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. २०२३ मध्ये राज्य सरकारने 'नमो शेतकरी महासन्मान निधी' आणून त्यात आणखी ६,००० ची भर घातली. आपल्या माणसाची स्वतःची दोन एकर आहे म्हणून हे १२,००० त्याला मिळतील. अर्थात ई-केवायसी झाली असेल, आधार बँकेला जोडले असेल आणि जमिनीची नोंद जुळली असेल तर! पण ज्याच्या नावाने गुंठाभरही जमीन नाही आणि जो सगळीच शेती ठेक्याने करतो, त्याला यातला रुपयाही नाही. योजनेचे नावच 'किसान सन्मान' आहे. मग सन्मान कोणत्या किसानाचा?

दुसरी गोष्ट, २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनची मदत. भाव पडले म्हणून राज्याने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, २०२४ मध्ये दिले. ही मदत भावातला घाटा भरून काढण्यासाठी होती. ठेक्याच्या आठ एकरांत घाटा कोणाला झाला? ठेक्याने करणाऱ्याला. मालकाला तर ठेक्याची रक्कम आधीच मिळून गेली होती. पण दोन हेक्टरचे १०,००० रुपये गेले मालकाच्या खात्यात. सामाईक खाते असले तर सगळ्या हिस्सेदारांचे संमतीपत्र मागितले गेले. पेरणाऱ्याला मात्र कोणी काहीच विचारले नाही.

तिसरी गोष्ट रामटेक, मौदा, पारशिवनीच्या धानपट्ट्यातल्या लोकांना चांगली ठाऊक आहे. पूर्वी धानाचा बोनस क्विंटलवर मिळत असे. २०२२-२३ च्या हंगामापासून तो हेक्टरावर आला. आधी हेक्टरी १५,०००, पुढच्या हंगामात २०,०००, मर्यादा दोन हेक्टर. म्हणजे जास्तीत जास्त ४०,००० रुपये. क्विंटलवर होता तेव्हा किमान धान केंद्रावर न्यावे तरी लागे. हेक्टरावर आल्यावर मोजमाप सातबाऱ्याचे झाले. चिखलात उभे राहून रोवणी करणारा बाजूला राहिला.

चौथी अतिवृष्टीची मदत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने जे पॅकेज जाहीर केले त्यात कोरडवाहू पिकाच्या नुकसानीला हेक्टरी ८,५०० आणि वर रब्बीच्या तयारीला हेक्टरी १०,०००, असे १८,५०० रुपये, तीन हेक्टरपर्यंत. या दराने आठ एकर ठेक्याच्या वावराचा हिशेब करा. आठ एकर म्हणजे तीन हेक्टरहून थोडे जास्त. ५५,५०० रुपये होतात. बियाणे, खत, फवारणी, निंदण सगळे ठेक्यावाल्याचे वाहून गेले, आणि मदत ज्याच्या खात्यात जाणार त्याचे बी-बियाण्याचे एक पाकीटही त्या वावरात पडलेले नव्हते! पटवारी, ग्रामसेवक, कृषी सहायक (आता तिघांचीही सरकारी पदनामे बदलली, पण गाव त्यांना जुन्याच नावाने ओळखते) बांधावर येऊन पंचनामा करतात. त्यांना वावर दाखवायला हाच माणूस पुढे असतो. पण पंचनाम्यात नाव येते खातेदाराचे.

काही भले मालक ही रक्कम आपणहून देतात, काही निम्मी देतात. अशी माणसे गावोगाव आहेत, त्यांना हात जोडले पाहिजेत. पण सरकारी मदत एखाद्याच्या भलेपणावर अवलंबून असावी काय?

स्वतःचाच माल, पण दुसऱ्याच्या नावाने

इथपर्यंत मदतीचे झाले. आता मालाचे ऐका. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. हमीभावाच्या केंद्रावर नोंदणीला सातबारा लागतो, त्यावर पिकाची नोंद लागते, आधार लागते, आणि पैसे खात्यात जातात. सीसीआयला कापूस द्यायचा तरी तेच. ठेक्याने करणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर मालकाच्या नावाने माल घाला आणि पैसे त्याच्या खात्यातून कधी मिळतात याची वाट पाहा. नाहीतर व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देऊन मोकळे व्हा. शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले की शेतकऱ्याला सबसिडी नको, घामाचे दाम हवेत. इथे तर घामाचे दामसुद्धा दुसऱ्याच्या पासबुकात जमा होतात.

कर्जाचे तेच. रिझर्व्ह बँकेच्या किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत तोंडी बटईदारही पात्र धरलेला आहे. बँकेच्या खिडकीवर मात्र पहिला प्रश्न येतो, सातबारा आणला का? मग हा माणूस कृषी केंद्रातून उधारीवर बियाणे-खत उचलतो, नाहीतर सावकाराकडे जातो. २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफ्या झाल्या. त्या बँकेच्या आणि सोसायटीच्या खात्यांवर झाल्या. दुकानाच्या उधारीला माफी नसते.

आणि जे लिहिताना हात जड होतो तेही लिहितो. शेतकऱ्याने जीव दिला तर कुटुंबाला १ लाख रुपये मदत देण्याची पद्धत राज्यात २००५-०६ पासून आहे. त्यालाही अट आहे की जमीन त्याच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या तरी नावे हवी. म्हणजे भूमिहीन ठेकेदार शेतकरी मेल्यानंतरसुद्धा शेतकरी ठरत नाही.

घरातल्या बाईचेही असेच. निंदण तिचे, वेचणी तिची, ढोरावासरांचे तिचे, पण सातबारा सासऱ्याच्या नावाने. शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा अनेकांनी बायकोच्या नावाने जमीन केली. पण पुष्कळ घरांत वारसनोंदही वर्षानुवर्षे होत नाही. कागदावरचा शेतकरी आणि वावरातला शेतकरी यांची फारकत घरापासूनच सुरू होते.

मालक कागद का देत नाही?

तुम्ही म्हणाल, मग करारनामा का करत नाहीत? याचे उत्तर इतिहासात आहे. हा आपला मुलूख मालगुजारीचा. नाव मालगुजाराचे, राबणार कूळ. रामटेककडचे मालगुजारी तलाव आजही त्याची साक्ष देतात. ३१ मार्च १९५१ ला, आपण मध्य प्रदेशात होतो तेव्हा, मालगुजारी गेली. पुढे विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कूळकायदा आला. कसणाऱ्याला जमीन मिळावी हा त्याचा हेतू होता आणि हजारो कुळे त्यामुळे मालक झाली, हे विसरून चालणार नाही.

पण त्याच कायद्याची भीती आजही मालकाच्या मनात बसली आहे. कागद करून दिला, नाव चढले, तर उद्या हा कूळ लावेल, अशी. म्हणून तो कागद देत नाही. शिवाय एकालाच सलग वावर देत नाही, दर साल-दोन सालांनी माणूस बदलतो. त्याचा परिणाम वावरावर होतो. एका सालासाठी घेतलेल्या वावरात शेणखत कोण टाकेल? धुरा कोण बांधेल? काटोल-नरखेडकडे संत्र्याचे झाड फळावर यायला काही वर्षे जातात. ते ठेक्याने करणारा लावेल काय? म्हणजे भीतीमुळे मालकाची जमीनही खराब होते आणि कसणाऱ्याचाही तोटा होतो.

यात गंमत अशी की कोण कसतो हे सरकारी दप्तराला कधी माहीतच नव्हते, असे नाही. जुना सातबारा घरात असेल तर काढून पाहा. त्यावर 'जमीन करणाराचे नाव' आणि 'रीत' असे रकाने असत. स्वतः करतो, मजुराकडून करून घेतो की दुसरा कोणी करतो, ते त्यात लिहायचे. ते रकाने गेले. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जमिनीसाठी गाव नमुना सात-ब आला, पण त्यासाठी तहसीलदाराची चौकशी, आणि चौकशी म्हटली की मालक बिथरतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. वावरात उभे राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा. पेरले काय, याची नोंद झाली. पेरले कोणी, याची नाही. आता शेतकऱ्याला ओळख क्रमांकही आला आणि १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला. तोही जमिनीच्या नोंदीवरूनच बनतो. यंत्र नवे आले, पण चूक जुनीच त्यात भरली.

हे आपल्याकडेच घडते असे नाही

अमेरिकेतसुद्धा हा गोंधळ झाला. १९९६ च्या कायद्याने तिथे जमिनीच्या जुन्या लागवडीवरून ठरलेली रक्कम थेट देणे सुरू झाले. पेरा अथवा पेरू नका. २००६ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' या वर्तमानपत्राने शोधून काढले की २००० सालापासून किमान १३० कोटी डॉलर अशा लोकांना गेले, जे शेती करतच नव्हते. शेवटी २०१४ च्या कायद्याने त्या देशाने ही थेट रक्कम बंद केली. एवढ्या श्रीमंत देशालाही कागदामागे पैसा सोडून पस्तावावे लागले.

आपल्या शेजारीच दोन वाटा दिसतात. तेलंगणाने २०१८ मध्ये 'रयतु बंधू' योजनेत एकरी पैसे दिले, पण ते जमीनमालकाला. कौलाने करणाऱ्याला वगळले. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कसणाऱ्याच्या हक्काचा वेगळा कायदा केला. त्यात कसणाऱ्याला ११ महिन्यांचे कार्ड मिळते. त्यावर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई मागता येते, आणि जमिनीच्या मालकीवर त्याचा कोणताही हक्क लागत नाही. तिथेही अनेक मालक सही द्यायला कचरतात, हे खरे आहे. पण वाट तर दाखवली! २०१६ मध्ये नीती आयोगानेही शेतजमीन भाड्याने देण्याचा आदर्श कायदा तयार करून राज्यांपुढे ठेवला होता. मालकाची मालकी शाबूत आणि कसणाऱ्याला कागद, हेच त्याचे सूत्र.

आपल्याकडे एकच अनुदान असे आहे जे सातबारा विचारत नाही. ते खताच्या पोत्यावरचे. युरियाचे ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचा भार सरकार उचलते. दुकानात अंगठा लावला की झाले. ठेक्यावाला असो, बटईदार असो, जो खत टाकतो त्याला सवलत मिळते. खताची सबसिडी बंद करून ती रक्कम थेट खात्यात द्या, अशी सूचना अधूनमधून होते. ती करणाऱ्यांनी आधी सांगावे, खाते कोणाचे?

मग करायचे काय?

माझे म्हणणे सरळ आहे. जमिनीचे अनुदान जमीनवाल्याला, पिकाचे अनुदान पिकवणाऱ्याला. विहीर, ठिबक, बांधबंदिस्ती, फळबाग यांचे पैसे मालकाला द्या, त्याची जमीन आहे. पण बोनस, भावफरक, अतिवृष्टी-गारपिटीची मदत हे पिकाचे पैसे आहेत. ज्याने पीक उभे केले त्याचे ते. बटई असेल तर वाट्याप्रमाणे दोघांना द्या.

त्यासाठी तीन गोष्टी लागतील. एक, ई-पीक पाहणीत 'करणाऱ्याचे नाव' हा रकाना पुन्हा आणा. दोन, त्या नोंदीवरून कूळहक्क लागणार नाही, असे कायद्यात स्वच्छ लिहा. नुसत्या परिपत्रकाने मालकाची भीती जायची नाही. तीन, पेरणीनंतर ग्रामसभेत यादी वाचून दाखवा. कोणाचे वावर कोण करतो, हे गावात लपून राहत नाही. ज्याला आक्षेप घ्यायचा त्याने तिथेच घ्यावा.

कोणी म्हणेल, याने बोगस नावे घुसतील. एक रुपयात पीकविमा होता, तेव्हा काय झाले ते पाहिले ना? २०२३ मध्ये सुरू झालेली ती सवलत २०२५ मध्ये बंद करावी लागली. दुसऱ्याच्या, सरकारी, देवस्थानाच्या जमिनी दाखवून विमे काढले गेले. खरे आहे. पण ते घडले कसे? कागद केंद्रावर बसून भरले गेले, वावर कोणी पाहिले नाही, गावाला कोणी विचारले नाही. बोगसगिरीवर उपाय गावासमोर नोंद हाच आहे. खऱ्या कसणाऱ्याला बाहेर ठेवल्याने ती थांबली नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. अनुदान कसणाऱ्याला दिले तर मालक ठेका वाढवेल. ठरलेल्या बोनसच्या बाबतीत हे काही अंशी होईल, नाकारत नाही. पण गारपीट आणि अतिवृष्टी काही पाडव्याला सांगून येत नाही. सौदा आधी ठरतो, आभाळ नंतर फाटते. त्यामुळे नुकसानीची मदत तरी कसणाऱ्याच्याच हाती राहील. सुरुवात तिथूनच करा.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी मालक असेल, कोणी ठेक्याने करणारा. दोघांनाही विनंती आहे. यंदाचा सौदा करताना मदत आली तर कोणाची, हमीभावाने माल घातला तर पैसे किती दिवसांत द्यायचे, एवढे तरी चार माणसांसमोर आधीच बोलून घ्या. भांडण टळेल. आणि येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, ठराव करा, तो तहसीलदाराकडे पाठवा. हिवाळी अधिवेशन आपल्या नागपुरात भरते, आमदार आपल्या दारापर्यंत येतात. त्यांना शेतकऱ्यासाठी किती कोटी दिले, हे विचारू नका. ते तेवढेच तोंडपाठ करून येतात. त्यांना विचारा, भाऊसाहेब, वावर करतो त्याला किती पोहोचले?